१४५३ ला वाट बंद झाली म्हणून युरोप समुद्रावर उतरला, हे खरंच पटतं का?

निळी_शाई (धागाकर्ती)
सोमवार, रात्री ९:१०

तुर्कांनी १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल घेतलं, आशियाकडे जाणारे खुष्कीचे मार्ग बंद झाले आणि म्हणून युरोपीय लोक जलमार्ग शोधायला निघाले, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. हे कारण मुलांना सांगताना दरवर्षी जीभ अडखळते, कारण सनावळ्या त्याला साथ देत नाहीत.

पोर्तुगालने उत्तर आफ्रिकेतलं सेउटा घेतलं ऑगस्ट १४१५ मध्ये. अटलांटिकमधल्या मादेरा बेटावर वस्ती सुरू झाली १४२० च्या सुमारास. जिल एयानेस हा पोर्तुगीज खलाशी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोजादोर भूशिराच्या पलीकडे जाऊन आला १४३४ मध्ये. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांची पोर्तुगालच्या लागोस बंदरात वाटणी झाली १४४४ मध्ये. कॉन्स्टँटिनोपल पडलं तेव्हा या उद्योगाला चाळीस वर्षं होत आली होती!

शिवाय मिरी आणि लवंग मुख्यतः त्या वाटेने येतच नव्हती. तांबड्या समुद्रातून कैरो, तिथून अलेक्झांड्रिया, नाहीतर सीरियातून बैरूट, आणि तिथून व्हेनिसची जहाजं माल उचलायची. ही दोन्ही बंदरं इजिप्तच्या ममलुक सुलतानांकडे होती. तुर्कांनी इजिप्त जिंकलं ते १५१७ मध्ये, म्हणजे पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यालाही तोवर सात वर्षं झाली होती.

तर माझे प्रश्न दोन. चौदाव्या-पंधराव्या शतकात युरोपात असं काय बदललं की जेमतेम दहा लाख वस्तीचा पोर्तुगाल सगळ्यांच्या आधी निघाला? आणि दुसरा, मला जास्त छळणारा: व्यापारासाठी दूर जाणं वेगळं आणि दुसऱ्याची जमीन व माणसं आपली मालमत्ता समजणं वेगळं. या दोन गोष्टी एकत्र कधी आणि कुठे आल्या?

चौलकर
सोमवार, रात्री ९:४८

ताई, वाट बंद नव्हती याचे दोन साक्षीदार देतो, आणि दोघांचाही आपल्या किनाऱ्याशी संबंध आहे.

पहिला अफानासी निकितिन, रशियातल्या त्व्हेरचा व्यापारी. व्होल्गा, कास्पियन, इराण, होर्मुझ असं करत १४७० च्या आसपास तो आमच्या चौलला उतरला. विकण्यासाठी एक घोडा आणला होता. तो घेऊन जुन्नरला गेला, तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. शेवटी धर्म न बदलता घोडा परत मिळाला आणि स्वारी बीदरला गेली. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, इकडे आलात तर जरूर बघा.

दुसरा पेरो द कोव्हिल्यां, पोर्तुगालच्या राजाचा हेर. १४८७ मध्ये निघाला आणि व्यापाऱ्याच्या वेषात कैरो, एडन करत कालिकत आणि गोवा पाहून गेला. कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर चौतीस वर्षांनी! बंद वाटेवरून इतकी माणसं कशी जातील?

मिरपूड
सोमवार, रात्री १०:२०

थोडं थांबा, १४५३ ला एकदम मोडीत काढू नका. व्हेनिसला फरक पडला नसेल, पण जिनोआला पडला. जिनोआचा जीव काळ्या समुद्रात होता. तिथलं काफा बंदर त्यांचं, गुलामांचा आणि धान्याचा व्यापार त्यांचा. लोकर रंगवायला लागणारी तुरटी ते आशिया मायनरमधल्या फोकियाहून आणत, ते ठिकाण १४५५ मध्ये तुर्कांकडे गेलं. काफा गेलं १४७५ मध्ये. मग जिनोआचा पैसा, हिशेबनीस आणि खलाशी पश्चिमेला वळले: लिस्बन, सेव्हिल, मादेरा. कोलंबस त्यातलाच. १४७८ मध्ये तो एका जिनोई पेढीसाठी मादेराला साखर खरेदी करायला गेला होता.

आता हेही खरं की जिनोआची माणसं अटलांटिकमध्ये आधीपासून होती. १२७७ मध्ये त्यांची जहाजं जिब्राल्टर ओलांडून फ्लँडर्सपर्यंत (आजच्या बेल्जियमकडे) गेली होती. १२९१ मध्ये विवाल्दी बंधू दोन जहाजं घेऊन थेट हिंदुस्थानला जायचं म्हणून अटलांटिकमध्ये शिरले. त्यामुळे माझं म्हणणं असं: ओढा आधीपासून होता, तुर्कांनी त्याला पाणी जास्त सोडलं.

आनंदी_आनंद
सोमवार, रात्री १०:२६

१२९१? वास्कोच्या दोनशे वर्षं आधी! त्या भावांचं पुढे काय झालं?

मिरपूड
सोमवार, रात्री १०:३१

परत आले नाहीत.

रोपवाटिका
सोमवार, रात्री ११:०५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी प्लेगपासून सुरू करेन. १३४७ च्या शरदात मेसिना बंदरात साथ उतरली, १३४८ मध्ये लिस्बनला पोचली. युरोपातला किमान तिसरा माणूस गेला. उरले त्यांची मजुरी वाढली, शेतं ओस पडली, जमीनदारांचा खंड बुडू लागला. पोर्तुगालच्या राजाने १३७५ मध्ये कायदाच केला: जमीन पडीक ठेवायची नाही आणि धडधाकट माणसाने ठरल्या मजुरीवर काम केलंच पाहिजे. सरदारांची मिळकत आटली की ते दोनच गोष्टी करू शकतात, आपसात लढणं नाहीतर बाहेर लूट शोधणं.

त्यात १३८३ ते ८५ मध्ये गादीचा वाद पेटला. शेजारच्या कॅस्टिलने (आजच्या स्पेनमधलं राज्य) चढाई केली आणि १४ ऑगस्ट १३८५ ला आल्जुबारोताच्या लढाईत मार खाल्ला. लिस्बनच्या व्यापाऱ्यांच्या आणि सामान्य नागरिकांच्या पाठिंब्यावर उभं राहिलेलं नवं आव्हिस घराणं गादीवर बसलं. कॅस्टिलशी तह झाला १४११ मध्ये. तह झाला म्हणजे तलवारी रिकाम्या, आणि चारच वर्षांत सेउटा.

तिसरी गोष्ट सोनं. त्या काळी युरोपात सोन्या-चांदीची इतकी टंचाई होती की नाणी पाडायला धातू मिळेना. पश्चिम आफ्रिकेचं सोनं उंटांच्या तांड्यांवरून सहारा ओलांडून भूमध्य समुद्राकाठी यायचं, आणि सेउटा अशा बंदरांपैकी एक. पोर्तुगीजांनी ते घेतलं आणि तांडे दुसऱ्या बंदरांकडे वळले. मग बाजार हाती येत नसेल तर खाणींजवळच जाऊ, म्हणून जहाजं किनाऱ्याने दक्षिणेला निघाली. १४५७ मध्ये पोर्तुगालने क्रुझादो हे सोन्याचं नाणं पाडलं, ते याच आफ्रिकी सोन्यातून. मसाल्यांचा विचार फार पुढचा.

पिंपळपान
सोमवार, रात्री ११:१८

रोपवाटिका, प्रतिसाद जपून ठेवला. प्लेग आणि वास्को द गामा यांचा संबंध मला आजवर कुणी जोडून दाखवला नव्हता.

दर्यावर्दी
मंगळवार, पहाटे ५:३५

आयुष्य जहाजावर गेलं, म्हणून वाऱ्याबद्दल लिहितो. इतिहासाच्या पुस्तकांत राजे आणि तहच जास्त असतात.

सहाराच्या किनाऱ्याजवळ वर्षभर उत्तर-ईशान्येचा वारा असतो. शिडाचं जहाज दक्षिणेकडे सहज जातं. अडचण परत येण्याची. बोजादोरची भीती उकळत्या समुद्राच्या गोष्टींमुळे होती असं सांगतात, पण खरी भीती ही: समोरून वारा, उलटा प्रवाह, उथळ पाणी आणि किनाऱ्यावर प्यायला थेंब नाही.

पोर्तुगीज खलाशांनी यावर काढलेली तोड माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात मोठी कामगिरी आहे. परतताना किनारा सोडायचा. घराकडे तोंड न करता वायव्येला, खुल्या समुद्रात शिरायचं, वारा बाजूने घेत अझोर्स बेटांच्या अक्षांशापर्यंत उत्तरेला चढायचं. तिथे पश्चिमेचे वारे भेटतात, ते थेट लिस्बनला आणून सोडतात. घरी जायला घराकडे पाठ फिरवायची, जमीन कित्येक आठवडे दिसणार नाही, हे मान्य करायला काळीज लागतं. १४९३ मध्ये कोलंबस अझोर्सवरूनच परतला. वास्कोने १४९७ मध्ये हेच दक्षिण अटलांटिकमध्ये उलटं केलं: आफ्रिकेचा किनारा सोडून पश्चिमेला लांब वळसा, तीन महिने जमिनीचं दर्शन नाही.

तिकोनी शीड, होकायंत्र, बंदरांचे नकाशे, ध्रुवताऱ्याची उंची मोजायचं यंत्र ही सगळी मदत झालीच. पण विषुववृत्ताखाली ध्रुव दिसत नाही, तेव्हा सूर्याच्या माध्यान्हीच्या उंचीवरून अक्षांश काढावे लागले. त्यासाठी अब्राहम झाकुतो या ज्यू ज्योतिर्विदाची कोष्टकं उपयोगी पडली. त्याला स्पेनमधून धर्मापायी हाकललं, तो पोर्तुगालला आला, आणि काही वर्षांत तिथूनही त्याला निघावं लागलं. ज्याच्या आकड्यांवर जहाजं चालली त्याला त्या देशात जागा नव्हती, याचं मला फार वाईट वाटतं.

सदाफुली
मंगळवार, सकाळी ८:५०

दर्यावर्दी काका, सुंदर लिहिलंत. एक विचारते. राजपुत्र हेन्रीने साग्रेसला नौकानयनाची शाळा काढली होती म्हणतात, तिथेच हे संशोधन झालं का?

दर्यावर्दी
मंगळवार, सकाळी ९:२०

त्या शाळेचा समकालीन पुरावा नाही, सदाफुली. ती गोष्ट नंतर रचली गेली. हेन्री स्वतः मोरोक्कोच्या पुढे कधी गेला नाही. त्याने पैसा आणि माणसं पुरवली, आणि मिळकतीतला वाटा चोख वसूल केला. वाऱ्याची विद्या अनाम खलाशांनी फेऱ्या मारून, माणसं गमावून मिळवली.

बुधकौशिक
मंगळवार, सकाळी ११:१५

सगळं पैशावर आणि वाऱ्यावर नेऊन ठेवलंत. धर्म कुठे गेला? हेन्री ज्या ख्रिस्त संघाचा प्रमुख होता तो पोर्तुगालमधल्या टेम्पलर या धर्मयुद्ध लढणाऱ्या योद्ध्यांचा वारस होता. शिडांवरचा लाल क्रूस त्या संघाचाच. इबेरियात (स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात) मुसलमान राजवटींशी शतकानुशतकं लढाई चाललेली, ती ग्रानाडा पडून १४९२ मध्ये संपली. सेउटा ही त्याच लढाईची समुद्रापलीकडची पायरी होती.

निळी_शाई ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही मला इथेच दिसतं. पोप निकोलस पाचवा याने १४५२ आणि १४५५ मध्ये काढलेली आज्ञापत्रं पाहा. ख्रिस्ती नसलेल्यांचे प्रदेश जिंकायला आणि त्यांना कायमचं गुलाम करायला त्यांनी पोर्तुगालच्या राजाला परवानगी दिली. १४५५ च्या पत्राने त्या समुद्रातला संचार आणि व्यापारही पोर्तुगालच्या एकट्याच्या नावे केला. व्यापार आणि मालकी एकत्र आली ती या कागदावर.

रोपवाटिका
मंगळवार, दुपारी १:४०

बुधकौशिक, धर्म नव्हता असं मी म्हणत नाही. पण तारखा पुन्हा बघा. लागोसची वाटणी १४४४ ची, आज्ञापत्र १४५२ चं. कृत्य आधी झालं, परवाना मागून आला. आणि परवाना मागायला राजाची माणसं रोमला गेली होती, पोप आपणहून आला नव्हता.

बुधकौशिक
मंगळवार, दुपारी २:०५

मान्य. पण परवाना मागावासा वाटला यातच धर्माचं वजन दिसतं ना? नुसती लूट करणारा कागद मागायला जात नाही.

केतकी_बन
मंगळवार, दुपारी ३:३०

लागोसचा उल्लेख दोनदा आला आणि दोन्ही वेळा नुसत्या सनावळीसारखा, म्हणून लिहिते.

८ ऑगस्ट १४४४. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर छापे घालून पकडलेली २३५ माणसं लागोसच्या बंदराबाहेर मैदानात उभी केली. झुरारा नावाच्या दरबारी बखरकाराने हे लिहून ठेवलंय. तो हेन्रीचा स्तुतिपाठक, तरीही त्याला राहवलेलं नाही. वाट्यांचे ढीग समान करायला मुलांना आईबापांपासून, बायकांना नवऱ्यांपासून, भावांना भावांपासून ओढलं. आया मुलांना कवटाळून जमिनीवर पालथ्या पडल्या, मार खात राहिल्या, पण सोडेनात. हेन्री घोड्यावर बसून पाहत होता. त्याचा वाटा पाचवा हिस्सा, ४६ माणसं. आणि हाच बखरकार पुढे लिहितो की त्यांच्या आत्म्यांना मोक्ष मिळणार म्हणून हेन्रीला आनंद झाला.

गुलामी युरोपला नवी नव्हती. प्लेगनंतर मजूर मिळेनात तेव्हा फ्लॉरेन्सने १३६३ मध्ये ख्रिस्ती नसलेले गुलाम आणायला रीतसर मुभा दिली. ते बहुतेक काळ्या समुद्राकडून यायचे, मिरपूड यांनी सांगितलेल्या काफातून. ती वाट आखडली आणि त्याच सुमारास आफ्रिकेची उघडली. दोन्ही प्रतिसाद जोडून वाचले की मला हे फार स्पष्ट दिसतं.

निळी_शाई
मंगळवार, सायंकाळी ६:१५

केतकी, हे लिहिलंस ते बरं केलंस. वर्गात मी हे कधी सांगितलेलं नाही. यंदा सांगणार आहे.

उसाचा_फड
मंगळवार, रात्री ८:३०

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदात शोधू नका, बेटांवर शोधा. आणि त्यातही उसात. आमच्या भागातल्या कुणालाही हे पटेल.

मादेरावर माणूस नव्हता, सगळं जंगल. वस्ती करणाऱ्यांनी जंगल जाळून जमीन काढली. डोंगरातून पाट काढून पाणी खेळवलं, ते पाट आजही आहेत. गहू लावला, मग ऊस. शेजारच्या पोर्तो सांतोवर तर सशाच्या एका मादीला पिलांसकट सोडलं, आणि सशांनी इतकं रान खाल्लं की माणसांना काही काळ बेट सोडावं लागलं. तिथला जहागीरदार पेरेस्त्रेलो, त्याची मुलगी पुढे कोलंबसची बायको झाली.

ऊस तोडला की लगेच गाळावा लागतो, नाहीतर उतारा पडतो. तोडणी, वाहतूक, घाणा, कढया, सगळ्यांना एकाच वेळी माणसं लागतात, आणि त्या उन्हात, त्या आगीजवळ कुणी राजीखुशीने येत नाही. आज आपल्याकडे मुकादमाची उचल घेऊन टोळ्या येतात, त्यांचे हाल आपण डोळ्यांनी बघतो. मादेराच्या मालकांनी पकडलेली माणसं आणली: आधी कॅनरी बेटांवरची, मग आफ्रिकेची. भांडवल जिनोआ आणि फ्लँडर्सचं, गिऱ्हाईक अँटवर्पचं. पुढे हीच पद्धत साओ तोमे बेटावर गेली आणि तिथे ऊस जवळजवळ सगळा आफ्रिकी गुलामांच्या कष्टावर उभा राहिला. मग ब्राझील.

कॅनरीवर तर माणसं राहत होती. ग्वांचे आणि त्यांच्यासारखे लोक, हत्यारं लाकडाची नि दगडाची, धातू नाही. १४०२ मध्ये तिथे पहिली स्वारी झाली आणि तेनेरिफ पूर्ण पडायला १४९६ उजाडलं. एवढी वर्षं ते लढले. शेवटी साथींनी, गुलामीने आणि लढायांनी तो समाजच मोडला. कोलंबस १४९२ मध्ये कॅनरीवरूनच पुढे गेला आणि १४९३ च्या दुसऱ्या सफरीत उसाची कांडी तिथूनच घेऊन गेला. अमेरिकेत जे झालं त्याची सगळी तयारी या बेटांवर आधीच झालेली होती. जमीन जाळायची, एकच पीक लावायचं, माणसं बाहेरून आणायची, पैसा तिसऱ्याचा. १४९२ ला नवी सुरुवात मानणं मला पटत नाही.

पिंपळपान
मंगळवार, रात्री ८:५२

ससे काय, ऊस काय... या धाग्यावरून उठवतच नाही. जेवण गार झालं.

टोकदार_पेन्सिल
मंगळवार, रात्री ९:४०

सगळं वाचलं, तरी एक शंका उरते. सोनं, धर्म, वारे, ऊस असं सगळं मान्य केलं, तरी चीनने हे का केलं नाही? चिनी दर्यासारंग झंग ह १४०५ ते १४३३ मध्ये सात वेळा आला, कालिकतपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत. त्याच्या ताफ्यापुढे वास्कोची चार जहाजं म्हणजे काहीच नाहीत. मग दरबाराने मोहिमा थांबवल्या आणि विषय संपला.

रोपवाटिका
मंगळवार, रात्री १०:१५

थांबवल्या आणि संपल्या, हेच उत्तर आहे. चीनमध्ये थांबवणारा एक होता. युरोपात कोणाच्याच हातात ते नव्हतं. कोलंबसला लिस्बनने नकार दिला, तर तो कॅस्टिलकडे गेला. पोर्तुगालमध्येही राजाचं लक्ष दुसरीकडे होतं तेव्हा काम ठेक्यावर गेलं: १४६९ मध्ये फर्नांव गोमेस या लिस्बनच्या व्यापाऱ्याला गिनीच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याच्या, व्यापाराचा मक्ता पाच वर्षांसाठी दिला. वर्षाला दोन लाख रेइश (पोर्तुगीज चलन) भरायचे आणि दरवर्षी शंभर लीग (अंतराचं जुनं माप) नवा किनारा शोधायचा. शोध हा कराराचा हप्ता! त्याची माणसं १४७१ मध्ये सोन्याच्या किनाऱ्याला लागली, आणि १४८२ मध्ये राजाने तिथे एल्मिनाचा किल्ला बांधला. एल्मिनाच्या सोन्याने पुढच्या मोहिमांना बळ दिलं.

टोकदार_पेन्सिल
मंगळवार, रात्री १०:३३

हे पटलं. दरबार एक असता तर एक नकार पुरला असता.

वसईवाली
बुधवार, सकाळी ७:१०

आमचं गाव १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने तहात पोर्तुगीजांना दिलं आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकलं, मधली दोनशे वर्षं त्यांचा अंमल. त्यामुळे हा विषय आमच्या अंगणातला. पण एक कोडं सुटत नाही. आफ्रिकेत आणि बेटांवर त्यांनी वापरलेली रीत इथे का दिसत नाही? इथे मसाल्याचा व्यापार आधीच भरभराटीला होता, राजे बलाढ्य होते. मग हे कशाच्या जोरावर टिकले?

चौलकर
बुधवार, सकाळी ८:४५

वसईवाली, छान प्रश्न. वास्को मे १४९८ मध्ये कालिकतला आला तेव्हा त्याने पहिल्यांदा किनाऱ्यावर पाठवलेल्या माणसाला ट्यूनिसचे दोन मुसलमान भेटले, कॅस्टिलची आणि जिनोआची भाषा बोलणारे! ताईंच्या मूळ प्रश्नाला याहून चांगला पुरावा कुठे मिळणार? वाट चालू होती आणि त्या वाटेवरची माणसं वास्कोच्या आधी तिथे हजर होती. कशाला आलात विचारल्यावर त्याने सांगितलं, ख्रिस्ती माणसं आणि मसाले शोधायला.

मग सामुतिरीसाठी, म्हणजे कालिकतच्या राजासाठी, नजराणा काढला: कापड, टोप्या, पोवळी, हात धुवायची भांडी, साखर, तेल, मध. राजाची माणसं हसली, मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त देतो म्हणाली. इथल्या बाजाराला हवं असं युरोपकडे फारसं काही नव्हतं. आफ्रिकेचं सोनं आणि मध्य युरोपातल्या खाणींचं तांबं-चांदी मिळाली म्हणून खरेदी जमली. पोर्तुगीजांनी १५०८ मध्ये अँटवर्पला वखार काढली ती त्याच धातूंसाठी.

आणि जे खरेदीने जमेना ते तोफांनी. बुधकौशिक यांनी सांगितलेलं १४५५ चं आज्ञापत्र आठवा, समुद्रातला संचार एका राजाच्या नावे. हिंदी महासागरात असं कुणी म्हटलं नव्हतं. इथे बंदरात आलात की जकात भरा, समुद्र सगळ्यांचा. पोर्तुगीजांनी १५०२ पासून कार्ताझ नावाचे परवाने द्यायला सुरुवात केली. कुठून कुठे जाणार, काय माल, हे त्यात लिहायचं, त्यांच्या ठाण्यावर जकात भरायची, आणि परवाना नसेल तर जहाज जप्त. गिनीच्या किनाऱ्यासाठी सांगितलेला हक्क त्यांनी आपल्या किनाऱ्यावर आणून लावला. जमीन ताब्यात घेण्याइतकी माणसं त्यांच्याकडे नव्हती, म्हणून त्यांनी ठाणी घेतली: कोची, गोवा, होर्मुझ, चौल, दीव, वसई. आपल्याच समुद्रात आपल्या जहाजांना परवाना मागावा लागला, याची सल पुढे शिवाजी महाराजांच्या आरमारापर्यंत पोचते. पण त्यावर वेगळा धागा काढतो, नाहीतर ताईंचा विषय वाहून जाईल.

निळी_शाई
बुधवार, रात्री ९:३०

चौलकर, जरूर काढा, वाट बघते.

मी यंदा धडा या क्रमाने शिकवणार आहे: प्लेग, आल्जुबारोता, सेउटा, मादेराचा ऊस, लागोस, एल्मिना, आणि मग कालिकत. १४५३ सांगेन, पण जिनोआच्या संदर्भात, मिरपूड यांनी सांगितलं तसं. परीक्षेत पुस्तकातलं उत्तर लिहा हेही सांगावं लागेल, मुलांचे गुण जाता कामा नयेत.

बुधकौशिक
बुधवार, रात्री ९:५५

क्रमात ग्रानाडा आणि पोपची आज्ञापत्रं नाहीत, ताई. लागोसनंतर लगेच १४५२ आणि १४५५ घ्या. त्याशिवाय १४९४ चा तोर्देसियासचा तह मुलांना कळणारच नाही. पोर्तुगाल आणि स्पेनच्या राजांनी न पाहिलेली पृथ्वी रेघ ओढून वाटून घेतली, ती हिंमत त्या कागदांतून आली.

उसाचा_फड
बुधवार, रात्री १०:१०

आणि कॅनरी. मादेराआधी कॅनरी घ्या ताई, तिथे माणसं राहत होती.